चांदीचे जुने काटे-चमचे: इंग्रजी ठसा की अमेरिकन?

पुण्यात जुने स्टर्लिंगचे (हजारात ९२५ भाग शुद्ध चांदीचे) काटे-चमचे दोन वाटांनी येतात. कॅम्पातल्या जुन्या घरांतून निघतात ते बहुतेक इंग्रजी. अमेरिकेतली मुलं-भाचरं तिथल्या घरगुती विक्रीतून उचलून आणतात ते अमेरिकन. (जुन्या बाजारात दिसतं ते बरंचसं मुलाम्याचं. चार चौकटींत ई-पी-एन-एस, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी, दिसलं की हुरळून जाऊ नका.) जमवायला नव्याने सुरुवात करणारे विचारतात, यातलं काय घ्यावं? चांदी दोन्हीकडे ९२५चीच, तेव्हा तो प्रश्न नाही. ठसा किती सांगतो, यावर माझं मत बेतलेलं आहे.

कारागिराचं किंवा कंपनीचं नाव, एवढंच हवं असेल तर अमेरिकन माल सोपा, हे मान्य करायलाच हवं. ‘स्टर्लिंग’ हा शब्द सरळ कोरलेला, शेजारी चित्र. हरणाचं डोकं दिसलं की वॉलेस. गरुड, आर आणि सिंह दिसले की रीड अँड बार्टन. सिंह, नांगर आणि जी म्हणजे गोरहॅम. नांगर ही इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराच्या ठशाची खूण; तिथला नांगर पाहून कोणी बर्मिंगहॅमकडे वळू नये, एवढं सांभाळलं की झालं. कधीकधी मात्र ठशात विकणाऱ्या जवाहिऱ्याचंच नाव असतं आणि घडवणारा बाजूला राहतो.

इंग्रजी चमच्यावर कारागीर म्हणजे दोन-तीन आद्याक्षरं. डब्ल्यू-ई हा विल्यम ईली की विल्यम ईटन? दोघेही लंडनचे, दोघेही चमचेवाले. चौकटीचा आकार, मधला ठिपका, अक्षरांचं वळण, सगळं भिंगाखाली ताडून पाहावं लागतं. त्यातून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चांदी राखेने नाहीतर रांगोळीने घासलेली, त्यामुळे ठसे निम्मे पुसलेले. साधारण १७८० पूर्वीच्या चमच्यांवर ठसे दांड्याच्या खालच्या निमुळत्या भागात मारत, आणि नंतर दांडा ठोकून सारखा करताना ते चेपून जात.

इतकं असूनही मी इंग्रजीकडे झुकलो, त्याला कारण साल.

भाचीने आणलेले गोरहॅमचे काटे माझ्याकडे आहेत. नक्षी ‘शँटिली’, फार देखणी. ही नक्षी १८९५ साली निघाली आणि पुढे शतकभर बनत राहिली. मग हातातला काटा कोणाच्या पणजीच्या रुखवतातला की १९४०च्या सुमाराचा? ठसा काही सांगत नाही. ‘पेटंट १८९५’ अशी ओळ असेल तर माल जुना असावा, असा अंदाज बांधतात. पण पेटंटचं साल म्हणजे घडणीचं साल नव्हे. गोरहॅमने १८६८पासून मोठ्या भांड्यांवर वर्षाच्या खुणा मारल्या, पण काट्या-चमच्यांवर त्या सहसा सापडत नाहीत. मग वजन बघा, मोनोग्रामचं वळण बघा, काट्याची झीज बघा, आणि शेवटी ‘असेल’ यावर थांबा. मला हे ‘असेल’ फार खुपतं. काहींना खुपत नसेलही. रोज जेवणात वापरायचा संच हवा असेल तर सालाशी काय देणंघेणं, असं कोणी म्हटलं तर माझी हरकत नाही.

आता लंडनचा एक टेबलस्पून घ्या. चालणारा सिंह (स्टर्लिंगची खूण), मुकुटधारी बिबळ्याचं तोंड (लंडनची खूण), राजाचं डोकं, सालाचं अक्षर म्हणून कॅपिटल पी, आणि एकाखाली एक डब्ल्यू-ई, डब्ल्यू-एफ, डब्ल्यू-सी. तो पी आहे १८१०चा, म्हणजे मे १८१० ते मे १८११, कारण अक्षर मे महिन्यात बदलायचं. आद्याक्षरं ईली, फर्न आणि चॉनर या तिघांची. तिघांची भागीदारी १८०८ ते १८१४ एवढीच टिकली, त्याआधी आणि नंतर ठशात ईली-फर्न दोघंच. साल आणि कारागीर एकमेकांची साक्ष देतात, ते असं. अक्षर स्मॉल पी असतं तर १७९० की १८३०, असा पेच पडला असता. तोही सुटतो: बिबळ्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर १७९०, नसेल तर १८३०, कारण १८२१ साली तो मुकुट काढला. एक ठसा पुसला असला तरी दुसरा हात देतो, ही सोय अमेरिकन चमच्यात मला मिळाली नाही.

पुसट ठसा वाचताना दिवा वरून नको, कडेने धरा. ठशावर हलका श्वास सोडा. वाफेने चांदीची चमक क्षणभर मरते आणि अक्षरं उठून दिसतात. मोबाइलच्या फोटोपेक्षा मला दहापट भिंग अजून भरवशाचं वाटतं.

घरात अमेरिकन संच आलाच असेल तर तो खुशाल वापरा. पण पदरचे पैसे घालून पहिला चमचा घेणार असाल, तर १७८४ ते १८९० या काळातला लंडनचा टेबलस्पून बघा. त्यावर कराची खूण म्हणून राजाराणीचं डोकं असतं आणि ठसे सहसा दांड्याच्या वरच्या, रुंद भागात असल्याने चेपलेले नसतात. सराफाकडे टंच बघायला न्याल तेव्हा मशीनवरच बघायला सांगा. कसोटीला लावायचीच वेळ आली तर ठशांपासून लांबची कड पुढे करा, आणि तो आपणहून पॉलिश करून देतो म्हणाला तर नको म्हणा.