काळा 12.9 की चमकणारा एसएस? अ‍ॅलन बोल्ट घेण्याआधी

दुकानात काळा आणि एसएस (स्टेनलेस स्टील) असे दोन्ही अ‍ॅलन बोल्ट, म्हणजे डोक्यातल्या षटकोनी खाचेत चावी घालून आवळायचे बोल्ट, शेजारी ठेवले की हात चमकणाऱ्या एसएसकडे जातो. महाग आहे, गंजत नाही, म्हणजे दणकटही असणारच! मीही असंच समजून साच्याच्या क्लॅम्पचे गंजलेले काळे बोल्ट काढले आणि एम8 चे, म्हणजे 8 मिमी जाडीचे, एसएस लावले. आठवड्याभरात क्लॅम्प सैल झाला. एक बोल्ट काढून पाहिला, तर मधले काही आटे ओढल्यासारखे विरळ झालेले आणि नट तिथून पुढे सरकेना.

उत्तर बोल्टच्या डोक्यावरच लिहिलेलं होतं. 12.9 मधला 12 म्हणजे बोल्ट तुटायला साधारण 1200 मेगापास्कल ताण लागतो. पुढचा 9 म्हणजे त्याच्या 90 टक्क्यांवर, 1080 च्या आसपास, तो कायमचा लांबायला लागतो. एसएसवर ए2-70 असतं. तो 700 ला तुटतो, पण लांबायला 450 लाच सुरुवात होते. एम8 मध्ये हिशेब केला तर काळा बोल्ट सुमारे चार टनांपर्यंत जागेवर राहतो, एसएस पावणेदोन टनांच्या आतच हार मानतो. साचा, डाय, व्हाइस, कपलिंग अशा कामांना 12.9 च घ्या.

पण काळा रंग म्हणजे गंजरोधक थर नव्हे. तेलाचा हात फिरत असेल तोवरच तो टिकतो. मग झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) करून घेऊ म्हणाल, तर कृपा करून थांबा. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि 12.9 इतकं कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. संध्याकाळी नीट आवळलेल्या बोल्टचं डोकं सकाळी मशीनखाली पडलेलं सापडतं. लेप हवाच असेल तर झिंक फ्लेकचा, म्हणजे जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा, घ्या, त्यात हा धोका नाही. नाहीतर 8.8 वर, म्हणजे कमी ताकदीच्या बोल्टवर, उतरा. ॲल्युमिनियमच्या बॉडीत तर बहुतेक वेळा 8.8 पुरतो, कारण तिथे बोल्टच्या आधी बॉडीचे आटे जातात.

पाणी, धुलाई, खाद्यपदार्थ असतील आणि भार बेताचा असेल, तर एसएस. रत्नागिरी-वेंगुर्ल्यासारख्या खाऱ्या हवेत ए2 वर तपकिरी डाग येतात. तिथे मॉलिब्डेनम असलेला ए4, म्हणजे 316 च्या जातीचा घ्या. ताकद दोन्हींची सारखीच, जर पुढचा आकडा 70 असेल तर. एसएसच्या नटात एसएसचा बोल्ट कोरडा आवळू नका, आटे एकमेकांना चिकटतात आणि मग कापूनच काढावा लागतो. अँटी-सीझ पेस्टचं एक बोट पुरे. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, त्यावरही विसंबू नका. थंड अवस्थेत ठोकून घडवलेला अस्सल ए2 सुद्धा थोडा चिकटतो.

बटन हेड (घुमटासारख्या बुटक्या डोक्याचा) किंवा काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडणारा) घेत असाल तर 12.9 चा शिक्का असूनही त्यावर पूर्ण भार टाकू नका, त्यांचं डोकं आधी जातं. आणि डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल, तर तो बोल्ट फक्त झाकण-पत्रे धरायला ठेवा.