ठाम विधान की खुला प्रश्न? मार्केटिंगवर लिहिणाऱ्यांसाठी

मार्केटिंगवर नियमित लिहू लागलं की हा पेच लवकरच पडतो. वाचकांनी बोलतं व्हावं असं मनापासून वाटतं, पण सुरुवात कशी करायची? एक बाजू घेऊन ठासून मांडायचं, की प्रश्न टाकून वाचकांवर सोपवायचं? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

एकच विषय घ्या. ‘सवलतींनी ब्रँडचं नुकसान होतं’ हे विधान आणि ‘सवलती द्याव्यात का?’ हा प्रश्न. प्रश्नाला मला आलेली बहुतेक उत्तरं एकाच साच्यातली होती: ‘परिस्थितीवर अवलंबून आहे.’ चूक काहीच नाही, पण बोलणं तिथेच संपतं. विधान मात्र एका वाचकाला झोंबलं. हंगाम उलटला, गोदाम भरलेलं, कर्जाचं व्याज चालू, मग मी माल कुजवू का, असं त्यांनी रागानेच विचारलं. त्या रागातून खरा मुद्दा निघाला. साठा हलवायला दिलेली सवलत आणि नवं गिऱ्हाईक ओढायला दिलेली सवलत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठाम विधानाचं मोठं बळ हेच, की ते खोडता येतं. व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक रायकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलं की कंपनीच्या वाढीचा अंदाज घ्यायला एकच प्रश्न पुरतो: तुम्ही आमची शिफारस कराल का, ० ते १० मध्ये सांगा. ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची; उरेल तो वाढीचा अंदाज देणारा आकडा. दावा इतका नेमका होता की तो तपासता आला. २००७ मध्ये संशोधक टिमोथी किनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी आकडेवारी तपासून हा आकडा इतर मापांपेक्षा सरस ठरत नाही असं दाखवलं. तरी तो आकडा अजून वापरात आहे आणि वादही चालूच आहे. ‘ग्राहकांचं समाधान महत्त्वाचं असतं का?’ एवढंच विचारलं असतं, तर भांडायला कोण आलं असतं?

याच बळाची दुसरी बाजूही आहे. जाहिरातींच्या परिणामांचे अभ्यासक लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांचं ६०:४० हे प्रमाण घ्या. जाहिरातीचा साठ टक्के खर्च ब्रँड उभारणीवर, चाळीस टक्के तातडीच्या विक्रीवर. मुळात ती सरासरी होती. क्षेत्रानुसार हे प्रमाण बदलतं, हेही त्यांनीच पुढे मांडलं. पण बैठकांमध्ये लोक हा आकडा कायदा असल्यासारखा एकमेकांच्या तोंडावर फेकतात. म्हणून विधान करताना ते कुठे लागू पडत नाही, हेही त्याच परिच्छेदात लिहावं. धार कमी होत नाही, उलट वाचकाला नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.

खुला प्रश्न मी मुख्यतः एकाच ठिकाणी वापरतो: जिथे वाचकाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथेही ‘दरवाढीबद्दल काय वाटतं?’ असा सैल प्रश्न नको. ‘गेल्या वेळी दर वाढवलात तेव्हा सर्वांत आधी कोण सोडून गेलं?’ असं विचारलं की लोक मत देत नाहीत, घडलेलं सांगतात. आणि घडलेलं मतापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

वेळेचा हिशेबही करा. ठाम लिहिलंत तर पुढचे दोन दिवस उत्तरं द्यायला मोकळे ठेवा. वाद पेटवून गायब होणाऱ्याकडे वाचक पुन्हा फिरकत नाहीत. तेवढा वेळ नसेल तर प्रश्नच बरा.

उत्तरं मोजून मात्र निवड करू नका. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी ऑनलाइन समूहांबद्दल २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा: १०० पैकी ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून बोलतात आणि १ जण सतत बोलतो. तुमचा वाद खरं तर त्या गप्प नव्वदांसाठी आहे. दोन जाणकार सभ्यपणे, पुराव्यानिशी भांडताना दिसले, की त्यांना आपल्या कामाचा निर्णय घ्यायला मदत होते. वैयक्तिक टोमणा आला की मी म्हणूनच तिथल्या तिथे थांबवतो, मग तो माझ्या बाजूने बोलणाऱ्याचा का असेना.

मी ठाम विधानाच्या बाजूचा आहे. पण सवलतींवरचं माझं विधान आता असं आहे: ‘कारण आणि मुदत न सांगता वारंवार दिलेल्या सवलतींनी ब्रँडचं नुकसान होतं.’ त्यातले पहिले सात शब्द त्या गोदामवाल्या वाचकामुळे आले.