'पल्प फिक्शन'ची सीडी, गाडीत सात महिने

गाडी जुनी घेतली. तिला ब्लूटूथ नाही, ऑक्सची पिन लावली की खरखर येते, पण सीडी प्लेयर एकदम ठणठणीत. म्हणून सीडी शोधत फिरलो. एका रद्दीच्या दुकानात भक्तिगीतं आणि 'घरबसल्या इंग्रजी'च्या गठ्ठ्यात 'पल्प फिक्शन'चा साउंडट्रॅक सापडला. दीडशे सांगितले, शंभरात दिला. डबीचा कोपरा मोडलेला, आतली पुस्तिका शाबूत. ही जूनमधली गोष्ट. तेव्हापासून कोथरूड ते हिंजवडी, जाताना आणि येताना, मधले दहा-बारा दिवस सोडले तर हीच सीडी वाजते आहे. आता बोलायचा हक्क आला असं समजतो.

सिनेमा १९९४चा, क्वेंटिन टॅरंटिनोचा, त्या वर्षी कान महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. त्याला संगीतकारच नाही. पार्श्वसंगीत कुणाकडून करून घेतलेलं नाही. दिग्दर्शकाने आवडत्या जुन्या रेकॉर्ड्स उपसून प्रसंगांना लावल्या. सीडीवर सोळा ट्रॅक, साधारण ४१ मिनिटं. साठीच्या दशकातलं कॅलिफोर्नियाचं सर्फ रॉक (समुद्रकिनाऱ्यावरच्या पोरांचं गिटारवालं रॉक), मेम्फिसचा सोल, फंक, कंट्री, चक बेरी, आणि मधेमधे सिनेमातले संवाद जसेच्या तसे. कागदावर ही यादी एखाद्याने घाईत भरलेल्या पिशवीसारखी दिसते.

आधी तक्रार. आवाजाची पातळी एकसारखी नाही. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी गिटार कानाखाली वाजवते. पहिला ट्रॅकच तसा आहे. हॉटेलात बसलेलं जोडपं लाडीगोडीने बोलतंय, मग एकदम उठून दरोडा घालतं, ती बाई शिव्यांसकट किंचाळते आणि त्या किंचाळीवर गिटारवादक डिक डेलचं 'मिसिरलू' आदळतं. पहिले पंधरा दिवस माझा हात गिअरपेक्षा आवाजाच्या बटणावरच जास्त होता.

हेच एकदा आईला डॉक्टरकडे नेताना झालं. सीडी आत आहे हे विसरलो आणि किल्ली फिरवली. (कव्हर आधीच पालथं घालून ठेवलेलं होतं, त्यावर उमा थर्मन पलंगावर पोटावर पडून सिगारेट ओढते आहे, ते आईला दाखवण्यासारखं नाही.) किंचाळी ऐकून आई म्हणाली, "ही कोण ओरडतेय रे?" मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात गिटार सुरू झाली होती. आईने माझा हात बाजूला केला. अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "हे भैरवाचे स्वर आहेत."

मी हसलो. घरी आल्यावर तिने पेटी काढली. पांढरी तीनचा सा धरला आणि कोमल रिषभ, शुद्ध गंधार, पुढे कोमल धैवत, शुद्ध निषाद असं ते गाणं सावकाश वाजवून दाखवलं. अगदी तेच. मग स्वतःच दुरुस्ती केली, "भैरव नको म्हणूस. रिषभावर आंदोलन कुठंय? चंचल आहे हे. कालिंगडा राग म्हण हवं तर." तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या बाईने ऑरेंज काउंटीच्या सर्फ रॉकचा निकाल लावला तो असा.

निकाल बरोबरच होता, हे नंतर वाचताना कळलं. 'मिसिरलू' ही पूर्व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर फिरलेली जुनी चाल. नावाचा अर्थ इजिप्तची मुलगी, आणि १९२७ मध्ये तिची ग्रीक भाषेतली रेकॉर्ड निघाली होती. डिक डेलचे वडील लेबनीज. लहानपणी काकांना ऊद या अरबी तंतुवाद्यावर ही चाल वाजवताना त्याने ऐकलं होतं. एका पोराने त्याला विचारलं की एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवशील का, तेव्हा त्याला ही चाल आठवली, असं तो सांगायचा. १९६२ मध्ये त्याने ती भन्नाट वेगाने रेकॉर्ड केली. स्वतः डावखुरा, आणि गिटार उजव्या हाताची, तारा न बदलता तशीच उलटी धरायचा. एका तारेवर नखी इतक्या वेगाने चालते की मला दरवेळी गणपतीतल्या बँजो पार्टीची आठवण येते. मिरवणूक चौकात थांबते आणि बँजोवाला इरेला पेटतो, ते.

या अल्बमची गंमत मला कळली ती मात्र चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आणि ती कुठल्या एका गाण्यात नाही, शेजाऱ्यांत आहे. फोनवर ही सगळी गाणी सुटी मिळतात. मी शफलवर लावून पाहिली. चांगली वाटली, बस. सीडीवर तसं होत नाही. दोन गुंड युरोपात बर्गरला काय म्हणतात यावर तत्त्वचर्चा करत असतात, ती संपते न संपते तोच 'जंगल बूगी'चा ब्रास येतो, आणि त्या फालतू गप्पांना एकदम रुबाब चढतो. त्याच्या पाठीवर अल् ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर', लोण्यासारखं. मग पुन्हा सर्फ. मग रिकी नेल्सनचं १९५८चं 'लोनसम टाउन', जवळजवळ नुसता आवाज आणि गिटार. इतक्या गडबडीनंतर ते आलं की गाडीतली हवा बदलते. एकटं ऐकलं तर मी ते पुढे ढकललं असतं, खरं सांगतो.

ट्विस्टच्या नाचाचं चक बेरीचं गाणं सगळ्यांनाच आवडतं, त्यावर वेगळं काय लिहू. 'अर्ज ओव्हरकिल' या बँडचं गाणं मुळात नील डायमंडचं, ते मला अजूनही थोडं नाटकी वाटतं. मारिया मॅकीचं 'इफ लव्ह इज अ रेड ड्रेस' पहिले दोन महिने मी बटण दाबून टाळायचो. आता परतीच्या वाटेवर, पाऊस असेल तर, ते दोनदा ऐकतो.

एक उणीव आहे आणि ती चुटपुट लावणारी आहे. हॉटेलातल्या जेवणाच्या प्रसंगात लिंक रे याचं 'रंबल' वाजतं, ते या सीडीत नाही. शब्द नसलेलं ते वाद्यसंगीत १९५८ मध्ये काही रेडिओ केंद्रांनी पोरं बिघडतील म्हणून लावायचं बंद केलं होतं! २००२ च्या कलेक्टर्स आवृत्तीत ते आणि आणखी तीन गाणी घातली आहेत. घ्यायचीच असेल तर ती शोधा. शेवटच्या ट्रॅकवरचं सॅम्युएल जॅक्सनचं बायबलचं वचन ऐकून मात्र बायबल उघडायला जाऊ नका. त्यातलं शेवटचं वाक्यच काय ते मूळच्या जवळ जातं, बाकी सिनेमावाल्यांचा मालमसाला.

सुरुवातीला प्रत्येक गाण्याबरोबर सिनेमा दिसायचा. डस्टी स्प्रिंगफील्ड लागली की ट्रॅव्होल्टा उमा थर्मनच्या घरात शिरताना दिसायचा. आता चांदणी चौकाचा उड्डाणपूल दिसतो, कारण सातवा ट्रॅक रोज तिथेच येतो. सिनेमातले चेहरे पुसट होत चाललेत आणि त्यांच्या जागी बावधनचे फलक, बाणेरचा कंटेनर, बालेवाडीचं स्टेडियम असं काहीबाही बसलंय. फक्त एक गाणं सुटलेलं नाही. स्टॅटलर ब्रदर्सचं 'फ्लॉवर्स ऑन द वॉल'. सिनेमात ब्रूस विलिस गाडीत मजेत हे गाणं गुणगुणत असतो, सिग्नलला थांबतो, आणि ज्याला फसवून पळाला तोच माणूस नेमका समोरून रस्ता ओलांडताना दिसतो. माझं ते गाणं भूमकर चौकात येतं. मी अजूनही झेब्रा क्रॉसिंगवरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघून घेतो. एकदा आमचे मॅनेजर निघाले.

त्याच ट्रॅकवर माझ्या सीडीला चरा आहे. गाण्यातला एकटा पडलेला माणूस भिंतीवरची फुलं मोजतो आणि ५१ पत्त्यांत पेशन्स खेळत बसतो. दुसऱ्यांदा तो पत्त्यांवर येतो तिथेच सीडी अडखळते आणि अर्धी ओळ गिळते. टूथपेस्टने पुसून पाहिलं, फरक नाही. परवा फोनवर तेच गाणं लागलं, सलग, न अडखळता. अर्ध्यातच बंद केलं.