हळदीपासून नव्या रेडिएटरपर्यंत: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात चिपळूणहून कराडला येत होतो. पोफळी मागे पडलं आणि कुंभार्ली घाटात टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. एसी बंद केला, हीटर फुल्ल सोडला. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी जाळी; हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढतो. मागून आई म्हणाली, "अरे, मे महिन्यात थंडी वाजतेय का तुला?"

काटा थोडा उतरला, मग एकदम पार खाली आला. मला वाटलं, सुटलो. हीटरमधून गार हवा यायला लागली तेव्हा ट्यूब पेटली: पाणीच इतकं कमी झालं होतं की सेन्सरला वाफेशिवाय काही लागत नव्हतं. काटा असा अचानक पडला तर खूश न होता आधी इंजिन बंद करा.

घाटात थांबलेल्या एका ट्रकवाल्या काकांनी बॉनेटखाली डोकावून सांगितलं, "रेडिएटरच्या टाकीच्या सांध्यातून पाणी जातंय." पाऊण तास गाडी गार होऊ दिली (गरम असताना रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही, एवढी अक्कल होती), मग गळती बुजवायला त्यांच्याच केबिनमधली दोन चमचे हळद आणि चार बाटल्या पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. हसू नका, मध्ये दोनदा पाणी घालत का होईना, कराडला पोचलो.

पुण्यात आल्यावर नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्या चाचांकडे गेलो. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, गळला की डाक लावला, काम झालं. आता मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. मध्ये रबर ठेवून कडा दुमडलेल्या असतात. चाचांनी कडा उघडल्या, रबर बदललं, परत दाबल्या. १,४०० रुपये. टाकी उघडल्यावर आतलं दृश्य बघून मात्र मीच ओशाळलो. गीझरच्या कॉइलवर साचतो तसा पांढरा थर आणि त्यावर हळदीचा लगदा. वर्षानुवर्षं सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतलं होतं, दुसरं काय होणार! चाचा म्हणाले, "दादा, पितळेचा असता तर तुम्हाला निवृत्तीपर्यंत पुरवला असता. ह्याची गॅरंटी मागू नका."

ऑगस्टमध्ये वरचा होज (पाण्याचा रबरी पाइप) बसतो तिथे टाकीच्या तोंडालाच तडा गेला. उष्णता खाऊन खाऊन प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ होतं, त्यामुळे एक जागा सांधली की दुसरी फुटते. तिथे एम-सील लावायचा सल्ला तिघांनी दिला. माझ्या कॅपवर १.१ लिहिलंय, म्हणजे आत १.१ बारपर्यंत दाब; तो असतो म्हणूनच पाणी शंभरला न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं. एवढ्या दाबाला आणि उष्णतेला लिंपण धरून राहील यावर माझा विश्वास बसला नाही.

मग नवाच घेतला. कंपनीचा ७,८०० सांगितला, बाजारातला ४,२००. मी बाजारातला घेतला आणि उरलेल्या पैशांत दोन्ही होज, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप), नवी कॅप आणि कूलंट (साध्या पाण्याऐवजी रेडिएटरमध्ये घालायचं द्रव). मजुरीसकट ८,३०० रुपये.

आता आठ महिने, साधारण नऊ हजार किलोमीटर झाले. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघतो: हायवेला ८८ ते ९१ अंश, सिग्नलला ९६ झाले की पंखा लागतो आणि खाली येतं. पहिल्या आठवड्यात रिझर्व बाटलीतली कूलंटची पातळी बोटभर उतरली तेव्हा पोटात गोळा आला. आत अडकलेली हवा निघाली होती, इतकंच. त्यानंतर पातळी हललेली नाही.

तक्रारी आहेत. पंख्याच्या फ्रेमचं एक भोक जुळेना, मिस्त्रींना कानस मारावी लागली. खालचं रबर बुश किंचित ढिलं आहे, स्पीडब्रेकरवर टक आवाज येतो. जाळीचे पत्रे इतके नाजूक की वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपने एका कोपऱ्यातले वाकले. आता घरीच साध्या पाइपने धुतो.

कूलंटचं म्हणाल तर रंग बघून भर घालू नका. हिरवा-हिरवा म्हणजे एकाच जातीचा, असं नसतं आणि भलते दोन एकत्र आले की गाळ होतो. मी तयार मिश्रणाचं कूलंट घातलं, त्याच्यात पाणी घालायचं नसतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं घट्ट कूलंट) आणलंत तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

चाचांकडे घातलेले १,४०० वाया गेले का? बायकोच्या मते, हो. माझ्या मते तीन महिने गाडी चालली आणि आतली घाण दिसली. जुनी गाडी लगेच विकणार असाल तर दुरुस्ती करा, ठेवणार असाल तर सरळ बदला.

गेल्या आठवड्यात परत कुंभार्ली चढलो, एसी चालू ठेवून. रिझर्व बाटली तेवढी जुनीच आहे. तिच्या तळाचा पिवळा डाग तीनदा घासूनही जात नाही.