सातेरी पेटीसाठी घेतलेला एस्केप बोर्ड: काम मस्त, पण मापात घोळ (३.५/५)

राहतो ठाण्यात, मुरबाडजवळ मामाच्या वाडीत आमच्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, ४ पेट्या आहेत. दरवर्षी जांभळाचा मध काढताना मामाचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं, मधकोठीतल्या (पेटीचा वरचा, मध साठवायचा कप्पा) माश्या हटवायच्या कशा. मामाचा भर स्मोकरवर, म्हणजे धूर सोडायच्या डब्यावर, पण धूर जास्त झाला की माश्या घाबरून मधच पोटात भरून घेतात आणि मधाला धुराचा वास लागतो तो वेगळाच. ब्रशने झाडलं तर सातेरी जाम चिडते.

म्हणून यंदा ऑनलाइन एस्केप बोर्ड मागवला, ६५० रुपये, नौपाड्यात चौथ्या दिवशी घरी आला. लाकडी फळी आणि मधोमध पोर्टर एस्केप, म्हणजे माश्यांसाठी एकेरी वाट. युक्ती जुनी आहे, १८९१ सालची, अमेरिकेतली. बोर्ड मधकोठी आणि पिलाव्याची कोठी (अंडी-अळ्यांचा खालचा कप्पा) यांच्या मधे बसवायचा, गोल भोक वर. माशी त्या भोकातून शिरते, दोन नाजूक पट्ट्यांमधून अंग घासत खाली उतरते आणि पट्ट्या मागे मिटतात, परत वर येता येत नाही. रात्री गार झालं की माश्या तशाही राणी आणि पिलाव्याकडे खाली सरकतात, त्यामुळे आपल्याला काहीच करावं लागत नाही.

आता घोळ ऐका. जाहिरातीत लिहिलेलं 'सर्व भारतीय पेट्यांना चालेल', प्रत्यक्षात आमच्या पेटीला एका बाजूने बोटभर कमी पडला. पहिल्या पेटीवर मी फट तशीच ठेवली ही माझी चूक, कारण वर राखण करायला माश्याच उरत नाहीत, सकाळी बघतो तर शेजारच्या पेटीतल्या माश्या फटीतून शिरून मध पळवतायत आणि खालून मुंग्यांची रांग लागलेली. मग लाकडाची पट्टी ठोकली, वरून टेप मारली. एस्केपच्या पट्ट्या पण इटालियन माशीच्या हिशोबाने एकमेकींपासून लांब होत्या, सातेरी लहान, म्हणून टोकं नखाने किंचित जवळ आणली.

दुसऱ्या पेटीवर शनिवारी संध्याकाळी लावला, सोमवारी पहाटे कोठी उचलली तर आत जेमतेम मूठभर माश्या, त्या पिसाने हलकेच झटकल्या, ना धूर ना डंख, मामा बघतच राहिला! मध थेट मधयंत्रात, वास एकदम स्वच्छ.

तिसऱ्या पेटीत मात्र दोन दिवसांनीही कोठी गच्च भरलेली. फ्रेम उचलल्यावर कळलं, राणी वर येऊन अंडी घालून गेलेली, पिलावा सोडून माश्या हलत नाहीत. हा बोर्डचा दोष नाही, पण सोबतच्या कागदावर ही सूचना हवीच होती, नवीन माणूस बोर्डालाच नावं ठेवेल. आधी फ्रेम तपासा, मगच बोर्ड लावा. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, माश्या वर यायची वाट शोधतात. आणि एप्रिलच्या उन्हात पेटीवर झावळ्या टाका, पंखाने वारा घालणाऱ्या माश्या नसल्या की पोळ्याचं मेण मऊ पडतं.

सेलरला मापाबद्दल मेसेज केलाय, अजून उत्तर नाही. पुढच्या हंगामात फळी आमच्या सुताराकडून पेटीच्या मापाने करून घेणार, विकत फक्त एस्केप.