तारीख बघून बंद पडणारा प्रोग्रॅम

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी करायची: रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय. शहरातल्याच एकानं त्यासाठी प्रोग्रॅम करून दिला. "एकदाच पैसे द्या अण्णा, मग प्रोग्रॅम तुमचाच," हे त्याचे शब्द.

ऐन हंगामात एका सकाळी तो उघडेनाच. फोन केला, तर म्हणे डेटाबेस करप्ट झालाय, दुरुस्तीला 25,000 लागतील. पट्टीसाठी माणसं दारात उभी, दिले. पुढच्या हंगामात पुन्हा तेच, रक्कम वाढवून. आमच्या पुतण्याला शंका आली. त्यानं संगणकाची तारीख महिनाभर मागं नेली आणि करप्ट झालेला प्रोग्रॅम मुकाट सुरू झाला! बिघाड कसला, आत तारखेचं कुलूपच घातलेलं. बॅकअप आम्ही रोज घेत होतो, पण ती फाइलही त्याच्याच प्रोग्रॅममध्ये उघडायची.

प्रोग्रॅम बसवायला आलेल्या पोराला गाठलं. "काका, सरांनी सांगितलं तसं लिहिलं." पोरगं वाईट नव्हतं, पण कुलूप त्याच्याच हातानं घातलं गेलं होतं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर होतं, ते 2015 मध्ये उघडकीला आलं. त्यात गुंतलेल्या जेम्स लियांग या इंजिनिअरला 2017 मध्ये अमेरिकेत 40 महिन्यांची शिक्षा झाली. साहेबापुरतंच प्रकरण थांबलं नाही.

वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43 प्रमाणे ज्याला वापरायचा हक्क आहे त्याचाच संगणक असा अडवला तर भरपाई मागता येते. लबाडीनं केलं असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरी गोष्ट ऐकून मात्र आम्ही गारच पडलो. बाहेरच्याकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट, लेखी करून घेतला नसेल तर, करून देणाऱ्याकडेच राहतो. पैसे आपण मोजले तरी!

तेव्हा शेवटचा हप्ता देण्याआधी सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर) ताब्यात आणि मालकी हक्क कागदावर घ्या, मुदतीचं कुलूप नाही हे त्याच्या सहीनं लिहून घ्या. सगळा हिशेब साध्या एक्सेलमध्ये निघतो का, ते त्याच्यासमोर काढून बघा. आणि गल्ल्यावरच्या संगणकाची तारीख एकदा वर्षभर पुढं नेऊन प्रोग्रॅम उघडतो का, तेही तपासा. फक्त हे डेटाच्या वेगळ्या कॉपीवर करा, नाहीतर खऱ्या पट्ट्यांवर भलतीच तारीख पडेल.