बीपीचं मशीन, आठ महिन्यांनंतर: यंत्राला चार तारे, पट्ट्याला शून्य

पट्टा गेला. मशीन ठणठणीत आहे, दंडाला गुंडाळायचा पट्टा गेला. सकाळी बटण दाबलं, मोटर घूं घूं करत राहिली, पट्टा अर्धवट फुगला, कोपराजवळून फुस्स असा आवाज आला आणि पडद्यावर चूक झाल्याची खूण लुकलुकायला लागली. पुन्हा दाबलं, पुन्हा फुस्स. नळी जिथे पट्ट्यात शिरते तिथला जोड सुटला होता. वापर पाच महिने.

त्या दिवशी दोन तारे देऊन हे लिहायला घेतलं होतं. पूर्ण आज, आठव्या महिन्यात होतंय. मधल्या काळात माझं मत दोनदा उलटलं, म्हणून आधीचा राग खोडला नाही, तसाच ठेवलाय. मशीन नेहमीचंच: दंडावरचं, आपोआप फुगणारं, नोंदी साठवणारं. बाकीचं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे उतरवत बसत नाही.

मशीन घरी आलं कसं ते आधी सांगतो. कसलाही त्रास नसताना वार्षिक तपासणीत बीपी १५२/९६ निघालं, आठवड्याने पुन्हा तेवढंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लगेच गोळी नको, पण घरी मोजा. मनगटावरचं मशीन घेऊ नका, दंडावरचं घ्या." मी घेतलं आणि पहिल्या आठवड्यात वेड्यासारखं मोजत सुटलो. उठल्यावर, जेवल्यावर, जिना चढून आल्यावर, फोनवर भांडून झाल्यावर. एका दिवसात चौदा वेळा. आकडा १३८ पासून १६९ पर्यंत कुठेही उड्या मारायचा. मशीनच बिघडलेलं आहे असं ठरवून परत करायला निघालो होतो.

बाईंनी चौदा नोंदींचा कागद बघितला आणि बाजूला ठेवला. त्यांची पद्धत अशी: सकाळी गोळीच्या आणि खाण्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन नोंदींमध्ये एक मिनिट. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही, लघवी तुंबलेली नाही. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही रेघ, त्यावर गेलं की बीपी जास्त; घरच्या सरासरीसाठी १३५/८५.

माझी सरासरी १५१/९७ आली. मग तीन महिने बिनगोळीचे, ठरवून. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही सगळं धरून. हे ऐकायला सोपं आहे. ताटात वरून घेतलेलं मीठ बंद केलं तेव्हा वाटलं झालं, पण खरं मीठ पाकिटात बसलेलं असतं. पाकिटावर बहुधा मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, त्याला अडीचने गुणायचं. गुणाकार करायला लागल्यापासून दुकानात मला इतका वेळ लागतो की घरचे बरोबर येत नाहीत. रोज चाळीस मिनिटं भरभर चालणं. वजन ८४ वरून साडेएकोणऐंशी. किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने उतरतो म्हणतात आणि माझा हिशेब बरोबर तेवढाच निघाला: १४७/९४. घाम गाळून चार अंक.

एक चूक इथेच सांगून टाकतो. चालायला लागल्यावर गुडघा धरला, म्हणून आठवडाभर मनाने वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि त्या आठवड्यात बीपी वर गेलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. ज्या चिमूटभर मिठासाठी मी ताटात हात आखडता घेत होतो, त्याची भरपाई गुडघ्याने केली.

चौथ्या महिन्यात बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, सुरू झाली. 'एकदा सुरू झाली की सुटत नाही' या भीतीने मी खूप ओढाताण केली, पण बाई हलल्या नाहीत. दीड महिन्यात सरासरी १४०/८९. उतरली, पण रेघेच्या वरच. शिवाय संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकची खोल वळी दिसायची, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. बाई म्हणाल्या, हा या गोळीचाच गुण. बारीक धमन्या सैल पडतात आणि पाणी बाहेर झिरपतं, त्यामुळे लघवीची गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही. आकडा रेघेखाली येत नाही, तेव्हा पुढच्या भेटीला दुसरी गोळी जोडू.

आणि त्या भेटीच्या आठवडाभर आधी पट्टा फुस्स झाला.

ग्राहक सेवेला फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर त्यांनी थोडीफार लाज राखली.

"सर, मशीनला वॉरंटी आहे. कफला नाही. कफ झिजणारी वस्तू आहे."

"मशीन कफशिवाय चालतं का?"

"नाही सर."

"मग वॉरंटी कशाची?"

"मशीनची, सर."

हे असं तीन दिवस, तीन वेगवेगळ्या माणसांशी. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला: "अहो, पाच महिन्यांत कफ गेला! पूर्ण गेला!" आतून बायको आली. "गेला ना कफ? मग बरंच झालं की. ओरडताय कशाला?" तेव्हापासून आमच्या घरात त्या वस्तूला पट्टाच म्हणतात.

चौथ्या फोनवरच्या मुलाने मात्र एक प्रश्न विचारला जो पाच महिन्यांत कोणीच विचारला नव्हता. "सर, नवीन कफ कुठल्या मापाचा पाठवू? दंडाचा घेर किती?"

माप? मला वाटायचं पट्टा म्हणजे पट्टा.

शिवणाच्या डब्यातली टेप काढली. खांद्याचं हाड ते कोपर याच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. साडेचौतीस सेंटिमीटर. जुना पट्टा उलटा केला, तर कडेला बारीक अक्षरांत २२–३२. आणि खरी गंमत पुढे आहे. त्या पट्ट्यावर एक छोटा पांढरा बाण आणि शेजारी दोन रेघा छापलेल्या असतात. पट्टा गुंडाळला की बाण त्या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा, आला नाही तर माप चुकलं. माझा बाण पहिल्या दिवसापासून रेघेपर्यंत पोचतच नव्हता, दोन बोटं अलीकडे अडायचा. मी तो रोज बघत होतो. मला वाटायचं, नक्षी आहे.

पट्टा आखूड असला तर आतली हवापिशवी दंडाला पुरेशी वेढत नाही. पिशवीची लांबी घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. कमी पडली की धमनी दाबायला जास्त दाब लावावा लागतो आणि मशीन तोच जास्तीचा दाब तुमचा म्हणून दाखवतं. इटालियन डॉक्टर शिपिओने रिवा-रोची याने १८९६ साली दंडावरचा पट्टा आणला तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता, आणि अरुंद पट्टा आकडा फुगवतो हे फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरने १९०१ मध्येच दाखवून दिलं होतं. पाच वर्षांत कळलेली ही गोष्ट सव्वाशे वर्षांनीही खोक्यावर ठळक छापायला कोणाला जमत नाही. २०२३ मध्ये एका चाचणीत लोकांना योग्य आणि अयोग्य मापाचे पट्टे आलटून पालटून लावले. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा आकडा सरासरी जवळजवळ ५ ने जास्त आला आणि अतिमोठा लागणाऱ्यांना तब्बल १९.५ ने. पातळ दंडाच्या माणसाला तोच पट्टा आकडा कमी दाखवतो, ते तर जास्त वाईट, कारण तो माणूस खुशीत राहतो.

खोक्यावर 'प्रमाणित' असं लिहिलेलं असतं. ८५ किंवा जास्त माणसांवर मोजून, सरासरी फरक ५ अंकांच्या आत राहिला वगैरे अटी पाळून ते प्रमाणपत्र मिळतं, आणि ते मिळालेलं आहे की नाही हे घेण्याआधी जरूर बघा. पण ती चाचणी योग्य मापाचा पट्टा बांधून झालेली असते. तुमच्या दंडाबद्दल ते प्रमाणपत्र काही बोलत नाही.

मोठा पट्टा, ३२–४२चा, स्वतःच्या पैशाने मागवला. वेगळा घेतला म्हणून महाग पडला, ते दुखणं अजून आहे. बाण रेघेत बसला. सात दिवसांची सरासरी: १३३/८४.

सात अंक! पाच महिने मी त्या सात अंकांची काळजी वाहिली, त्यांच्यासाठी घाम गाळला. इथे मूळ लेखात एक आख्खा परिच्छेद शिव्यांचा होता, तो बायकोने काढायला लावला. थोडक्यात, माझं म्हणणं होतं की गोळी कधी लागतच नव्हती, पट्ट्याने आजार विकला.

आणि त्या तिरमिरीत मी गोळी बंद केली. कोणाला न सांगता.

पहिला दिवस १३२. दुसरा १३४. तिसरा १३३. मी मनातल्या मनात डॉक्टरबाईंना पत्र लिहायला लागलो होतो. पाचव्या दिवशी १३७, आठव्या दिवशी १४१/९०. मोठ्या पट्ट्यावर, बाण रेघेत, पाठ टेकून, तोंड बंद ठेवून. पुन्हा मोजलं, १४२.

बाई रागावल्या नाहीत, हिशेब मांडून दाखवला. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून निम्मी व्हायला ३० ते ५० तास लागतात. दोन-तीन दिवस गोळी सोडूनही ती आत असतेच, म्हणून आकडा हलत नाही आणि माणसाला वाटतं आपण जिंकलो. "तुमच्या नशिबाने ही सावकाश उतरणारी होती," त्या म्हणाल्या, "काही गोळ्या अचानक सोडल्या तर बीपी उसळी मारून आधीपेक्षा वर जातं." मग शांतपणे विचारलं, "दवाखान्यात तुम्हाला कुठला पट्टा बांधला होता, आठवतंय?" मोठा. तिथे पहिल्या दिवसापासून मोठाच होता. १५२/९६ खरंच होतं. घरचे जुने आकडे, वरचा सातने आणि खालचा पाचने, उतरवले तरी सुरुवात १४४/९२ ची निघते, म्हणजे रेघेच्या वरच. पट्ट्याने अंक वाढवले, आजार नाही वाढवला.

पट्ट्याने खरं नुकसान करायचं ठेवलं होतं ते पुढे. १४०/८९ बघून दुसरी गोळी पूर्ण मात्रेवर चढवली असती. १३३/८४ आणि घोट्याची सूज बघून बाईंनी वेगळा विचार केला: अ‍ॅम्लोडिपिन निम्मी, अडीच मिलिग्रॅम, आणि सोबत टेल्मिसार्टन ४० ही वेगळ्या जातीची बीपीची गोळी. एकाच गोळीची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या गोळ्या थोड्या थोड्या घेतल्या तर उतार जास्त मिळतो आणि त्रास कमी. घोट्याची सूज तीन आठवड्यांत गेली. महिन्याने रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासलं, ठीक निघालं. पोटॅशियमवालं 'कमी सोडियमचं मीठ' मात्र मला बंद सांगितलंय, टेल्मिसार्टनबरोबर पोटॅशियम वाढू शकतं म्हणून. नेमका त्याचा मोठा डबा मी सवलतीत घेऊन ठेवला होता. गोळी सकाळी की रात्री यावर वाद घालू नका. २०२२ मध्ये २१ हजारांवर लोकांची मोठी चाचणी झाली, हृदयविकार-पक्षाघाताच्या हिशेबात फरक दिसला नाही. मी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवतो.

आजची सरासरी १२६/७९.

मशीनबद्दल उरलेलं. बॅटऱ्या खातं, अडॅप्टर खोक्यात नाही. दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या ठेवतं, पण आधी माणूस निवडायचं बटण दाबायला विसरलात की बायकोचा आकडा तुमच्या सरासरीत. अनियमित ठोक्याची खूण दाखवतं. ती वारंवार दिसली तर आकड्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा, कारण अशा ठोक्यांत ही मशीनं चुकू शकतात. बाही गुंडाळून वर सरकवू नका, घट्ट बाहीचा वेढा बसतो, पूर्ण काढा. दोन्ही दंड एकदा मोजून बघा आणि ज्यात जास्त येईल तोच कायम वापरा. बाकी यंत्राबद्दल तक्रार नाही, मी दवाखान्यात नेऊन ताडून पाहिलं. दोनाचे चार तारे त्यासाठी.

शेवटी कंपनीने पाचव्या फोननंतर सदिच्छा म्हणून एक पट्टा फुकट पाठवला. मी माप चार वेळा सांगूनही २२–३२ चाच. टाकून देववेना. बायकोचा दंड सत्तावीस सेंटिमीटर, म्हटलं तिला तरी होईल. गेला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिचं मोजतोय. सरासरी १३९/८८.

ती म्हणते मशीन खोटं बोलतंय, तुमच्या वेळीही बोललं होतं. बाण रेघेत आहे. मी चष्मा लावून पाहिला.